दिल्ली दरवाजा ते अजमेरी दरवाजा : एका नगरसुधार योजनेची तपासणी

जुन्या दिल्लीच्या तटबंदीचा दक्षिणेकडील भाग दिल्ली दरवाजापासून अजमेरी दरवाजापर्यंत जात असे. या दोहोंच्या मध्ये तुर्कमान दरवाजा. तटाच्या आत शाहजहानच्या काळापासून वसलेली दाट वस्ती आणि तटाच्या बाहेर, काही अंतरावर, इंग्रजांनी वसवलेली ऐसपैस नवी दिल्ली. जेमतेम दोन किलोमीटरच्या या पट्ट्यावर शासनाच्या जितक्या समित्या, योजना, सर्वेक्षणे आणि चौकश्या झाल्या तितक्या देशातील दुसऱ्या एखाद्या वस्तीवर क्वचितच झाल्या असतील. प्रशासनाच्या अभ्यासकाने हा पट्टा एकदा पायी फिरून पाहावा असे मला वाटते. लोक तिथे इतिहास पाहायला जातात. आपण नस्तीचा प्रवास पाहायला जावे.

माझ्या नोकरीतील बराचसा काळ आढावा बैठकांत गेला. उद्दिष्ट, साध्य, टक्केवारी असे तीन स्तंभ असलेला तक्ता समोर असतो आणि शंभर टक्क्यांच्या वर गेलेल्या अधिकाऱ्याची मान ताठ असते. नगरसुधार आणि सार्वजनिक आरोग्य या दोन विषयांत हा तक्ता सर्वांत सहज भरता येतो, कारण पाडलेली घरे मोजता येतात आणि केलेल्या शस्त्रक्रियाही मोजता येतात. घरे पाडल्यावर माणसे कुठे गेली, त्यांना पाणी कुठले मिळाले, हे मोजायला चौथा स्तंभ लागतो. तो आपल्याकडे कोणी आणि केव्हा मागितला, हे पाहण्यासाठी दिल्लीचे उदाहरण घेतो.

१९११ साली राजधानी दिल्लीस हलवण्याची घोषणा झाली आणि १९३१ साली नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. राजधानीबरोबर माणसे आली. कारकून, शिपाई, गवंडी, मजूर, व्यापारी. नव्या शहराच्या आराखड्यात वरिष्ठांसाठी बंगले होते, कनिष्ठांसाठी काही घरे होती, आणि उरलेल्यांसाठी जुनी दिल्ली होती. क्षयरोग, हिवताप, विषमज्वर हे सारे तटाच्या आत वाढत होते, आणि तट म्हणजे काही रोगाला अडवणारी भिंत नव्हे, हे आरोग्य अधिकारी सरकारला लिहून कळवत होते. तेव्हा भारत सरकारने ए. पी. ह्यूम या आय.सी.एस. अधिकाऱ्यास दिल्लीतील दाटी कमी करण्याविषयी अहवाल द्यावयास सांगितले. तो १९३६ साली सादर झाला.

ह्यूम यांचा अहवाल हा चांगल्या अहवालाचा नमुना आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. त्यांनी माणशी पन्नास चौरस फूट हे किमान प्रमाण धरले आणि शहरात सुमारे एक लाख माणसे जादा आहेत असा हिशेब मांडला. ‘जादा’ हा शब्द मला नेहमी थांबवतो. माणूस जादा असतो तो कोणत्या तरी मोजपट्टीच्या मानाने. इथे मोजपट्टी हवा आणि उजेड यांची होती, म्हणजे हेतू आरोग्याचाच होता. पण या शब्दाचा स्वभाव असा, की पुढच्या टिपणीत मोजपट्टी गळून पडते आणि ‘जादा माणसे’ एवढेच शिल्लक राहते.

अहवालाच्या आधारे १९३७ साली दिल्ली सुधार न्यास स्थापन झाला. त्यासाठी संयुक्त प्रांताचा १९१९ चा नगरसुधार कायदा दिल्लीस लागू करण्यात आला. ही कल्पना नवी नव्हती. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली असाच न्यास झाला होता आणि कलकत्त्यात १९१२ साली. (प्लेग म्हटले की मराठी वाचकास रँड आणि चापेकर आठवणारच. घराघरात शिरणारी आरोग्ययंत्रणा आणि तिच्याविषयी वर्तमानपत्रांनी विचारलेले प्रश्न हा विषय आपल्याला पुण्यापासून परिचित आहे. तिथे त्या प्रश्नांचा शेवट राजद्रोहाच्या खटल्यात झाला, हेही.) दिल्लीच्या न्यासास सरकारच्या मालकीची नझूल जमीन व्यवस्थापनासाठी मिळाली. विदर्भातील वाचकांना नझूल हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. ही जमीन विकसित करावी, भाडेपट्ट्याने द्यावी आणि त्या उत्पन्नातून गलिच्छ वस्त्यांची सुधारणा करावी, असा व्यवहार ठरला. न्यास स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे, ही अट होती.

याच न्यासाच्या योजनांपैकी दिल्ली-अजमेरी गेट योजना. तट पाडावा, आतील दाट वस्ती विरळ करावी, रुंद रस्ता काढावा, उठवलेल्या कुटुंबांची सोय पश्चिमेकडील नव्या विस्तारात करावी. कागदावर तिच्यात दोष काढण्यासारखे फारसे नव्हते. अडचण एवढीच होती, की गलिच्छ वस्ती हटवण्यात पैसा जातो आणि मोकळी जमीन विकण्यात पैसा येतो. ज्या संस्थेला दोन्ही कामे दिली आहेत आणि ताळेबंदही जुळवायला सांगितला आहे, ती कोणते काम आधी करील? ज्यांच्यासाठी घरे बांधायची त्यांना भाडे परवडत नव्हते, आणि ज्यांना परवडत होते त्यांना झोपडीतून उठवायचे नव्हते. योजना नस्तीत राहिली. मध्येच महायुद्ध आले.

मग फाळणी आली. १९४१ च्या जनगणनेत दिल्ली प्रदेशाची लोकसंख्या ९ लाख १८ हजार होती, ती १९५१ मध्ये १७ लाख ४४ हजार झाली. ह्यूम यांच्या एक लाख जादा माणसांचे गणित निर्वासितांच्या लोंढ्यात वाहून गेले. १९५० साली सरकारने घनश्यामदास बिर्ला यांच्या अध्यक्षतेखाली सुधार न्यासाच्या चौकशीसाठी समिती नेमली आणि १९५१ मध्ये तिचा अहवाल आला. समितीचा निष्कर्ष निःसंदिग्ध होता : न्यास अपयशी ठरला. वस्तीसुधाराचे काम नगण्य झाले, जमिनी भाव वाढेपर्यंत अडकून राहिल्या, नगराचा कोणताही सर्वंकष आराखडा तयार झाला नाही. एका उद्योगपतीने न्यासाच्या धंदेवाईकपणावर ठपका ठेवावा यात गंमत आहे, पण ती असो. समितीने हिशेब तपासला आणि तो उत्तम तपासला. मात्र तिचा उपाय काय होता? अधिक अधिकार असलेली, संपूर्ण शहरासाठी एकच संस्था. संस्था दुबळी म्हणून अपयशी ठरली, ती सबळ केली की यशस्वी होईल, असा हा तर्क. तो चूक होता असे मी म्हणणार नाही. अपुरा होता. सबळ संस्थेला प्रश्न कोण विचारणार, याचा विचार त्यात नव्हता.

या विचाराला गती मिळाली ती मात्र एका साथीमुळे. १९५५ च्या पावसाळ्यानंतर यमुनेने आपला प्रवाह थोडा बदलला. वझिराबाद येथे शहरासाठी पाणी उचलले जात असे, आणि त्याच्या जवळच नजफगढ नाला नदीला मिळत असे. नोव्हेंबर महिन्यात नाल्याचे मैलायुक्त पाणी उलट दिशेने पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोचले. जलशुद्धीकरण केंद्रातील लोकांच्या हे लक्षात आले आणि त्यांनी क्लोरीनची मात्रा वाढवली. त्यामुळे जिवाणूंवर नियंत्रण राहिले, विषमज्वर उसळला नाही, आणि संकट टळले असे वाटले. पण काही आठवड्यांनी घरोघर कावीळ दिसू लागली. डिसेंबर-जानेवारीत सुमारे २९,३०० लोकांना उघड कावीळ झाली. गर्भवती स्त्रियांना या रोगाचा विशेष धोका होता. हा विषाणू कोणता हे त्यावेळी कोणालाच माहीत नव्हते. साथीच्या काळात जपून ठेवलेले रक्तजलाचे नमुने १९८० च्या सुमारास तपासले गेले तेव्हा तो ‘अ’ही नव्हे आणि ‘ब’ही नव्हे असे आढळले. आज आपण त्याला हेपेटायटिस ‘ई’ म्हणतो. नमुने कोणी जपले असतील, कोणत्या शीतपेटीत, कोणाच्या सहीने, याचे मला कुतूहल आहे. पंचवीस वर्षांनी कोणी तरी विचारील म्हणून एखादी गोष्ट जपून ठेवणारा कर्मचारी प्रशासनात फार मोलाचा असतो.

ही साथ झोपडीतून आली नव्हती. ती नळातून आली होती, आणि नळ बंगल्यातही होता. म्हणूनच संसदेत प्रश्न विचारले गेले, चौकशी समिती नेमली गेली, आणि त्याकाळी नगररचनेचा विषय ज्यांच्याकडे होता त्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या खात्यात दिल्लीच्या नियोजनाची चक्रे वेगाने फिरू लागली. १९५६ मध्ये गलिच्छ वस्ती (सुधारणा व निर्मूलन) कायदा झाला, १९५७ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झाले, १९६२ मध्ये बृहत् आराखडा मंजूर झाला. बिर्ला समितीला हवी होती ती सबळ संस्था आता होती. सुधार न्यासाच्या मालमत्तेबरोबर त्याच्या अपुऱ्या योजनाही तिच्याकडे आल्या. त्यांत दिल्ली-अजमेरी गेट योजनाही होती.

१९५६ च्या कायद्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. तो वाईट कायदा नव्हे. वस्ती गलिच्छ म्हणून जाहीर करण्याची रीत, नोटीस, हरकतीची संधी, अपील, आणि भाडेकरूस सहजासहजी काढता येऊ नये म्हणून सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीची अट, हे सारे त्यात होते. झुग्ग्यांसाठीही १९६० च्या आसपास दिल्लीत योजना झाली. तिच्यात प्रत्येक कुटुंबास ८० चौरस यार्डांचा भूखंड द्यायचे ठरले होते. पुढे तो घटत घटत २५ चौरस यार्डांवर आला. खाट, चूल आणि दाराशी एक सायकल मावेल एवढी ती जागा. ह्यूम यांचे माणशी पन्नास चौरस फूट आठवा. पाच माणसांच्या कुटुंबास या भूखंडावर तेवढीही जागा मिळत नव्हती, आणि आता तिला पुनर्वसन म्हणायचे होते.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. दिल्ली महापालिकेची निर्वाचित सभा त्याच वर्षी बरखास्त झालेली होती आणि तिचे अधिकार आयुक्तांकडे होते. म्हणजे नगरसेवकाचा प्रश्न नाही, संपादकाचा अग्रलेख नाही, आणि एप्रिल १९७६ अखेरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अटकेविरुद्ध न्यायालयाचे दारही नाही. तपासणीची जेवढी म्हणून साधने नागरिकाजवळ असतात ती एकामागून एक काढून घेतली गेली. आणि नेमक्या याच काळात दिल्लीत दोन कार्यक्रम अभूतपूर्व वेगाने चालले : नगराचे सुशोभीकरण आणि कुटुंबनियोजन.

एप्रिल १९७६ मधील एका आठवड्याचा दिनक्रम पाहा. १३ एप्रिलला तुर्कमान दरवाजा भागात प्राधिकरणाचे बुलडोझर आले. १५ एप्रिलला तिथून जवळच, जामा मशिदीच्या बाजूच्या दुजाना हाउसमध्ये नसबंदी शिबिराचे उद्घाटन झाले. १६ एप्रिलला केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. करणसिंह यांनी राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केले. १९ एप्रिलला तुर्कमान दरवाजाशी जमाव आणि पोलीस समोरासमोर आले आणि गोळीबार झाला. मृतांच्या संख्येविषयी आजही एकमत नाही. त्या रात्रीनंतरही पाडकाम सुरूच राहिले. तेथील कुटुंबे यमुनापारच्या त्रिलोकपुरी, नंदनगरीसारख्या वसाहतींत पाठवण्यात आली. सुमारे चाळीस वर्षे नस्तीत पडून राहिलेली योजना काही दिवसांत ‘साध्य’ झाली. पाडकामाला आधार म्हणून दिल्ली-अजमेरी गेट योजनेकडेच बोट दाखवले गेले. कागद जुना असला तरी तो कधी काढायचा हे ज्याच्या हाती असते, त्याच्या हाती सत्ता असते.

योजनेचे समर्थकही होते, आणि त्यांचे म्हणणे मांडले नाही तर अन्याय होईल. प्राधिकरणाचे तेव्हाचे उपाध्यक्ष जगमोहन यांनी १९७८ मध्ये आपली बाजू पुस्तकरूपाने मांडली. शहर सडत असताना हात बांधून बसणे म्हणजे सहानुभूती नव्हे, लक्षावधी लोकांना जमिनीचा तुकडा मिळाला, झुग्ग्यांतील जगणे जगण्यालायक नव्हतेच, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन होते. यात तथ्यांश नाही असे नाही. दिल्लीची दाटी खरी होती, ह्यूमने ती मोजली होती, बिर्लांनी ती हटली नाही म्हणून दोष दिला होता. त्वरेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याची आपल्याकडे नेहमीच चणचण असते. मलाही धडाडीचे अधिकारी आवडतात. पण धडाडी खरी कोणती आणि प्रश्न विचारणारा कोणी नसल्यामुळे वाढलेला वेग कोणता, हा फरक समर्थकांच्या प्रतिपादनात कुठेच सापडत नाही.

मार्च १९७७ मध्ये सरकार बदलले. २८ मे १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त सरन्यायाधीश जे. सी. शाह यांचा चौकशी आयोग नेमण्यात आला. शाह यांनी पूर्वी मुंबई उच्च न्यायालयातही न्यायाधीश म्हणून काम केले होते. दिल्लीच्या पतियाळा हाउसमध्ये आयोगाची खुली सुनावणी चाले. देशभरातून सुमारे अठ्ठेचाळीस हजार तक्रारी आल्या. जॉन दयाळ आणि अजय बोस या पत्रकारांचे दिल्लीतील आणीबाणीवरचे पुस्तकही १९७७ मध्येच आले. आयोगाचा अहवाल तीन भागांत, मार्च, एप्रिल आणि ऑगस्ट १९७८ मध्ये सादर झाला.

सनदी सेवेत येणाऱ्या प्रत्येकाने हा अहवाल वाचावा, असा माझा आग्रह असतो. त्यातले निष्कर्ष बाजूला ठेवले तरी प्रश्नांची पद्धत शिकण्यासारखी आहे. आयोगाने अधिकाऱ्यांसमोर त्यांचीच आकडेवारी ठेवली. आणीबाणीच्या काळात दिल्लीत दीड लाखांच्या घरात बांधकामे पाडली गेली. त्याआधीच्या अडीच वर्षांत ही संख्या दोन हजारांच्याही आत होती. १९७६-७७ या वर्षात दिल्लीस नसबंदीचे उद्दिष्ट होते २९,००० आणि साध्य झाले सुमारे १ लाख ३८ हजार. देशपातळीवर साडेबेचाळीस लाखांच्या उद्दिष्टासमोर एक्याऐंशी लाख. कोणत्याही आढावा बैठकीत या तक्त्यावर अभिनंदनाचा ठराव झाला असता. किंबहुना झालेच असतील. आयोगाने तोच तक्ता उलटा धरला आणि विचारले : नोटीस कुठे आहे? हरकतीची सुनावणी कोणासमोर झाली? हुकूम कोणी दिला? अविवाहितांच्या नसबंदीच्या ५४८ तक्रारी आणि नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद आयोगाने केली. साध्याच्या स्तंभात हे आकडे कुठेच नव्हते.

हुकूम कोणी दिला, या प्रश्नाशी गाडी अडत असे. तुर्कमान दरवाजा, जामा मशीद परिसर, कापसहेडा, अंधेरिया मोड या ठिकाणच्या पाडकामांबाबत वरिष्ठ अधिकारी एकमेकांकडे बोट दाखवत होते. हुकूम तोंडी होते. ते देणाऱ्या संजय गांधींकडे कोणतेही शासकीय पद नव्हते. पद नसलेल्या माणसाचा हुकूम नस्तीवर येणार तरी कसा? आणि ज्या अधिकाऱ्याने तो पाळला, त्याने ‘अमुक यांच्या सांगण्यावरून’ एवढी एक ओळ का लिहून ठेवली नाही? आपल्या नियमपुस्तकांत तोंडी आदेशाची लेखी पुष्टी घ्यावी अशी तरतूद असते. ती प्रशिक्षणात पाच मिनिटांत उरकली जाते. दिल्लीत ती पाळली गेली असती तर आयोगाचे निम्मे काम वाचले असते, आणि काही घरेही वाचली असती असे मला वाटते. जो हुकूम लिहून द्यायला वरिष्ठ तयार नसतो तो पुष्कळदा दिलाही जात नाही.

आयोगाचे पुढे काय झाले? १९८० च्या जानेवारीत इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या. खटले बारगळले. ज्यांच्यावर अहवालात ताशेरे होते त्यांपैकी अनेकांची कारकीर्द पुढे चालू राहिली. जगमोहन १९८० मध्येच दिल्लीचे नायब राज्यपाल झाले. अहवालाच्या प्रती दिसेनाशा झाल्या. सरकारी प्रकाशन असूनही तो वाचनालयांतून मिळेना. अखेर माजी खासदार इरा सेझियन यांनी आपल्याजवळची प्रत शोधून २०१० मध्ये तो पुन्हा छापला. तीस वर्षे एका सार्वजनिक चौकशीचा अहवाल एका माणसाच्या कपाटाच्या आधाराने टिकला.

पण शाह आयोगालाही मर्यादा होती. त्याने अधिकाऱ्यांना विचारले, पीडितांच्या तक्रारी घेतल्या, पण हुकूम वरून खाली कसा उतरला हा त्याचा मुख्य प्रश्न होता. तो खाली पोचल्यावर वस्तीत काय झाले याचा उलगडा पुढे झाला. एमा टार्लो या मानववंशशास्त्रज्ञ दिल्लीच्या वेलकम या पुनर्वसन वसाहतीत अभ्यासासाठी गेल्या असता झोपडपट्टी विभागाच्या दप्तरखान्यात त्यांना प्रत्येक भूखंडाची स्वतंत्र नस्ती आढळली. त्यांचे पुस्तक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या नस्त्यांत भूखंडाच्या वाटपाबरोबर नसबंदीची नोंद होती. कोणी स्वतः शस्त्रक्रिया करून घेतली, कोणी दुसऱ्या कोणाला ‘प्रवृत्त’ केले. हा दुसरा प्रकार म्हणजे पुष्कळदा पैसे देऊन एखादा अधिक गरीब माणूस आणणे. सफाई कामगारास पगारासाठी प्रमाणपत्र हवे, झुग्गीवाल्यास भूखंडासाठी हवे. प्रमाणपत्रांचा बाजारच उभा राहिला, आणि त्यात जो सर्वांत गरीब तो विकला गेला. घरबांधणी आणि आरोग्य या दोन खात्यांचा असा ‘समन्वय’ कोणत्याही शासन निर्णयात शोधून सापडणार नाही. वरच्या मजल्यावर ज्याची एक ओळ लिहिली गेली नाही ते सारे तळमजल्यावरच्या लिपिकाने रकाने भरून, तारीख घालून, शिक्का मारून जपले होते. त्याला त्यात लपवण्यासारखे काही वाटले नसावे. त्याचे काम नोंद करणे हे होते.

आणि पाणी? आरोग्याच्या नावाने ज्यांना शहराबाहेर नेले त्यांच्या आरोग्याचे काय झाले, हा चौथा स्तंभ. यमुनापारच्या वसाहती सखल जमिनीवर होत्या. मैलावाहिन्या नव्हत्या, पाणी उथळ हातपंपांचे. १९८८ च्या पावसाळ्यात दिल्लीत पटकी आणि गॅस्ट्रोची मोठी साथ आली. तिचा सर्वाधिक तडाखा बसला तो याच पुनर्वसन वसाहतींना, नंदनगरी, सुंदरनगरी यांना. जमिनीवरचा मैला झिरपून हातपंपांत उतरला होता. १९५५ साली नाल्याचे पाणी बंगल्याच्या नळात आले तेव्हा त्यातून बृहत् आराखडा निघाला. १९८८ साली ते हातपंपात आले तेव्हा हातपंपांवर लाल रंगाच्या फुल्या मारल्या गेल्या आणि टँकर पाठवले गेले. दोन्ही साथी एकाच नदीकाठच्या, एकाच कारणाच्या.

सुंदरनगरीचे नाव पुढे आणखी एका कारणाने आले. २००१ मध्ये दिल्ली राज्याचा माहितीचा अधिकार कायदा अंमलात आला. (केंद्राचा कायदा २००५ चा.) ‘परिवर्तन’ या गटाने त्याखाली सुंदरनगरी आणि न्यू सीमापुरी या भागांत महापालिकेने केलेल्या कामांची कंत्राटे मागवली. पुष्कळ टाळाटाळीनंतर ती मिळाली. मग कार्यकर्त्यांनी गल्लोगल्ली फिरून, कंत्राटातली प्रत्येक बाब रहिवाशांना वाचून दाखवून, ती जागेवर आहे की नाही हे पडताळले. १४ डिसेंबर २००२ रोजी जनसुनवाई झाली. १ कोटी ३० लाख रुपयांच्या ६८ कामांपैकी सुमारे ७० लाखांच्या बाबी जागेवर नव्हत्या. गटारांवरच्या लोखंडी जाळ्या कागदावर बसवलेल्या होत्या, गल्लीत नव्हत्या. हातपंपांचेही तसेच.

त्या सुनवाईत उभे राहून बोलणाऱ्यांत १९७६ साली बुलडोझरपुढून उठून आलेल्या घरांतील माणसेही असणार. त्यांच्यापुढे ठेवलेला कागद तोच होता, जो मी आढावा बैठकीत पाहत आलो आहे. बाबीचे नाव, परिमाण, दर, रक्कम, आणि शेवटी काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाल्याची सही. बाई वाचणाऱ्याला मध्येच थांबवून म्हणत, ही गल्ली आमची, इथे असे काही नाही.